बोटुकलीसोबत येणारा ‘निगेटिव्ह’ कागद

चिलापी (तिलापिया) माशाच्या बोटुकलीसोबत, म्हणजे बोटाएवढ्या पिलांसोबत, काही विक्रेते एक छापील कागद देतात: ‘स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए, पीसीआर निगेटिव्ह’. म्हणजे डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत हा रोगकारक जिवाणू सापडला नाही. त्यापोटी नगामागे दरही वाढवून लावतात. पुढे उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्याच माशांचे डोळे बाहेर येतात, मासे भोवऱ्यासारखे गरगरतात आणि मरतुक लागते. कागद दाखवला की उत्तर ठरलेलं, “तुमच्या पाण्यातलंच असेल.”

भुलवतो तो कागदावरचा एक आकडा: डीएनएची शुद्धता १.८५ (१.८ च्या आसपास म्हणजे चांगली). आकडा खरा असतो. पण काढलेला डीएनए जवळजवळ सगळा माशाचाच असतो. जिवाणूचा त्यात उतरला की नाही, हे शुद्धतेवरून कळत नाही.

बऱ्याचदा तो उतरलेलाच नसतो. एरोमोनास या माशांच्या दुसऱ्या जिवाणूची भिंत पातळ, ती सहज फुटते. स्ट्रेप्टोकॉकसची जाड. म्हणून मेंदू आणि मूत्रपिंड मिळून साधारण २५ मिलिग्रॅम ऊती आधी लायसोझाइम या भिंत फोडणाऱ्या विकरात (मिलिलिटरला २० मिलिग्रॅम) ३७ अंशांवर किमान अर्धा तास ठेवायची. या जिवाणूला कधी कधी तेवढंही पुरत नाही, मग जोडीला म्युटॅनोलायसिन हे तसंच दुसरं विकर लागतं. त्यानंतर प्रोटीनेज के हे प्रथिनं विरघळवणारं विकर, ५६ अंशांवर, ऊती पूर्ण विरघळेपर्यंत. फसवणारा पहिली पायरी गाळून थेट प्रोटीनेज के घालतो. मासा विरघळतो, जिवाणू बराचसा शाबूत राहतो, आणि निकाल ‘निगेटिव्ह’.

‘आमच्याकडे पॉझिटिव्ह कंट्रोल (जिवाणू नक्की असलेला पडताळणीचा नमुना) असतो’ यावरही जाऊ नका. तयार डीएनए नळीत टाकला तर पीसीआर चालल्याचं कळतं, डीएनए नीट निघाल्याचं नाही. निरोगी ऊतीत मारलेले जिवाणू मिसळून तो नमुना पहिल्या पायरीपासून नेला होता का, ते विचारा.

नमुने किती, तेही बघा. लॉटमधले ५ टक्के मासे बाधित असतील, तर ९५ टक्के खात्रीने एक तरी सापडायला साधारण ६० मासे तपासावे लागतात. कागदावर बहुतेकदा ३ असतात, टाकीचा क्रमांक नसतोच. नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये, ऊतीच्या दहापट, नेलेले हवेत. फॉर्मेलिनमध्ये डीएनए तुटतो. तसे नेले असतील तर तो कागद बंबात घाला.

मोठा लॉट घ्यायचा असेल तर एक युक्ती आहे. दुसरीकडे कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीत, हाच जिवाणू सापडलेल्या माशाचा मेंदू इथेनॉलमध्ये जपून ठेवा आणि नुसता क्रमांक टाकून त्याच लॅबला पाठवा. तोही ‘निगेटिव्ह’ आला, तर आगाऊ रक्कम देऊ नका.