तातेयामाच्या जुन्या हिरायात नऊ महिने

तोक्योतल्या निशी-कासाईत आठव्या मजल्यावर बरीच वर्षे काढल्यावर, निवृत्तीनंतर राहण्यासाठी आम्ही चिबा प्रांताच्या दक्षिण टोकाला, तातेयामात, १९८३ साली बांधलेले एकमजली लाकडी घर घेतले. अशा घराला इथे हिराया म्हणतात. आमचे बावीस त्सुबोचे, म्हणजे साधारण ७३ चौरस मीटरचे आहे. ऑक्टोबरात राहायला आलो. आता जूनचा पाऊस लागला आहे.

पैसे मोजले ते मुख्यतः जमिनीचे, कारण करआकारणीत लाकडी घराचे आयुष्य २२ वर्षेच धरतात आणि त्यापुढे बाजारही इमारतीला फारसे मोल देत नाही. बांधकामाचे साल मात्र नीट तपासले. भूकंपाचे नवे निकष जून १९८१ मध्ये लागू झाले आणि आमच्या घराची परवानगी त्यानंतरची आहे. तरीही लाकडी सांध्यांना कुठे कोणत्या धातूच्या पट्ट्या लावाव्यात हे नियमांत नेमके आले ते २००० साली, म्हणून जाणकाराकडून सांधे पाहून घेतले व जिथे कमी होत्या तिथे पट्ट्या बसवल्या. सप्टेंबर २०१९ च्या वादळाने या भागातली कितीतरी छपरे उडाली होती. आधीच्या मालकांनी तेव्हाच कौले काढून हलका पत्रा घातला होता, हे आमच्या पथ्यावर पडले.

जिना नाही म्हणजे गुडघ्यांची चिंता मिटली, ही आमची समजूत पहिल्याच आठवड्यात गेली. ओल वर येऊ नये म्हणून लाकडी जमीन मातीपासून किमान ४५ सेंटीमीटर उंच ठेवण्याचा इथे नियम आहे. आपल्याकडच्या जोत्याचाच हा प्रकार. ती उंची दारातच चढावी लागते आणि त्यातली चपला काढून वर जाण्याची एकच पायरी २८ सेंटीमीटरची आहे. तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटया अंथरलेल्या खोलीचा उंबरा जेमतेम तीन सेंटीमीटरचा, पण रात्री अंगठा नेमका तिथेच आपटतो. न्हाणीघर उलट एक पायरी खाली आहे. वृद्धांच्या देखभाल विम्यातून आधाराचे कठडे बसवण्यासारख्या कामांसाठी दोन लाख येनपर्यंतच्या खर्चावर साहाय्य मिळते, मात्र देखभालीची गरज असल्याचा दाखला लागतो. आम्ही अजून हिंडतेफिरते, त्यामुळे कठड्यांचा खर्च आमच्याच खिशातून झाला.

हिवाळ्याने खरी परीक्षा पाहिली. एकेरी काचांमुळे जानेवारीत पहाटे न्हाणीघरात पारा सहा अंशांवर असे, आणि त्या गारठ्यातून थेट कढत पाण्यात उतरणे म्हातारपणी जिवावर बेतू शकते. आतून दुसऱ्या खिडक्या बसवल्यावर फरक पडला. हे काम राहायला येण्याआधीच करायला हवे होते.

मार्चमध्ये न्हाणीघराच्या भिंतीलगतची तातामी उचलली, तेव्हा खालच्या वाशात स्क्रूड्रायव्हर लोण्यात शिरावा तसा शिरला. वाळवीची फवारणी झाली आहे, असे मध्यस्थाने सांगितले होते, पण आम्ही कागद मागितला नव्हता. विक्रेत्याची जबाबदारी करारात तीनच महिन्यांची होती, ती केव्हाच सरली होती.

एवढे होऊनही घर विकावेसे वाटत नाही, आणि त्याचे श्रेय दक्षिणेकडच्या पडवीला, इथल्या भाषेत एन्गावाला. जानेवारीतही दहा वाजता तिथे ऊन येते. आमची सौभाग्यवती शेंगा सोलायला तिथेच बसते. संध्याकाळी पावसापासून आडोसा म्हणून लाकडी फळ्या एकेक करून ओढून घ्याव्या लागतात. एकूण सात आहेत. सहा सरकतात, सातवी दमट हवेत फुगून अडते आणि तिला खालून पायाने ढकलावे लागते.