खान्देशच्या हिवाळ्यात बॉक्सवुड, कामिनी की मेंदी?

नवं घर बांधलं, फाटकापासून ओट्यापर्यंत फरशीची वाट केली, की तिच्या दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचं, एकसारखं कातरलेलं हिरवं कुंपण हवंसं वाटतं. फोटोत दिसलेलं कुंपण बहुतेक वेळा बॉक्सवुडचं, म्हणजे बारीक पानांच्या एका सदाहरित झुडपाचं असतं. रोपवाटिकेत गेलं तर माळी कामिनी, म्हणजे आपली कुंती, पुढे करतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, मेंदी लावा, काही करावं लागत नाही. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण जागा वेगवेगळ्या आहेत.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात बॉक्सवुड घ्यायचं असेल तर कुंडीत घ्यावं, दोन किंवा चार, आणि पूर्वेच्या बाजूला ठेवावं. जमिनीतलं सलग कुंपण कामिनीचं करावं. शेताच्या किंवा मोकळ्या प्लॉटच्या कडेला मेंदी. याला एक मोठा अपवाद आहे, लिंबू-मोसंबीच्या बागेचा. तो पुढे येईलच.

थंडी नेमकी कुणाला बाधते

बॉक्सवुडबद्दल वाचायला गेलात तर निम्मी माहिती हिवाळ्याची सापडते. ती युरोप-अमेरिकेतल्या बागांसाठी लिहिलेली असते. तिथे जमीन गोठते, मुळांना पाणी ओढता येत नाही, पण वरची सदाहरित पानं ऊन आणि वारा खात पाणी सोडतच राहतात. मग पानं तांबूस पडतात, फांद्यांची टोकं वाळतात. म्हणून तिकडे जमीन गोठण्याआधी भरपूर पाणी देतात, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधतात, फांद्यांवर साचलेला बर्फ झाडतात. एरवी हे झाड थंडीला चिवट आहे. जमिनीत रुजलेलं बॉक्सवुड उणे 20 अंशांच्या आसपासची थंडीही सोसतं.

आता आपल्याकडचं बघा. धुळ्याचा पारा काही हिवाळ्यांत 5-6 अंशांपर्यंत उतरतो आणि वर्तमानपत्रांत मथळे येतात. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागात कधीकधी गवतावरचं दव गोठतं. पण जमीन गोठत नाही. त्यामुळे थंडीपासून वाचवायला बॉक्सवुड रात्री झाकण्याची खान्देशात काहीच गरज नाही. प्लॅस्टिक घालून झाकलं तर उलट त्रास होतो, कारण त्याच दिवशी दुपारी पारा 28-30 अंशांवर जातो आणि आत झाड वाफेत शिजतं.

रावेर-यावलकडे केळीच्या बागांत थंडीच्या रात्री पाणी देतात, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. केळीला ते आवश्यक आहे, पारा 10 अंशांच्या खाली गेला की तिची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट निसवत नाही. तो उपाय कुंपणाच्या झाडांना लावायचं कारण नाही.

कामिनी उष्ण प्रदेशातली. पौषाच्या थंडीत ती नवी पालवी धरत नाही, जुनी पानं थोडी पिवळसर दिसतात, पण झाड मरत नाही आणि कुंपण भरलेलं राहतं. मेंदीचं तसं नाही. थंडी आणि कोरडेपणा एकत्र आला की तिची पानं गळतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कुंपणातून रस्त्यावरची माणसं दिसायला लागतात. घराच्या दर्शनी बाजूला वर्षभर आडोसा हवा असेल तर मेंदी इथेच बाद होते. शेताच्या कडेला तिच्या उघड्या काटक्यांनी कुणाचं बिघडत नाही, उन्हं तापली आणि पाऊस पडला की ती पुन्हा भरून येते.

पाणी: हिवाळ्यातली खरी काळजी

तिकडच्या माहितीतला गोणपाटाचा भाग सोडला तरी पाण्याचा भाग आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो. आपला हिवाळा कोरडा. सकाळी स्वेटर, दुपारी घाम, आणि दिवसभर उत्तरेकडून येणारा रुक्ष वारा. थंडी आहे म्हणून लोक कुंडीला पाणी द्यायचं विसरतात. बॉक्सवुडची मुळं उथळ असतात, बारीक आणि वरच्या थरात पसरलेली, त्यामुळे कुंडीची वरची माती सुकली की ती मुळं लगेच सुकतात.

बारा इंची कुंडी असेल तर बोटाची दोन पेरं मातीत घालून बघावीत. ओल लागली तर थांबावं, नाही लागली तर खालून निथळेपर्यंत पाणी द्यावं. थंडीत हे साधारण तीन-चार दिवसांनी येतं, सिमेंटच्या गच्चीवर लवकर. पाणी सकाळी द्यायचं. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर थंड चिखल करून ठेवतं, आणि मूळकूज हा बॉक्सवुडचा मोठा शत्रू आहे. म्हणूनच काळ्या कसदार जमिनीत ते लावू नका असं मी म्हणतो. कपाशीला जी जमीन सोन्यासारखी, तीच बॉक्सवुडला वाईट: ओली झाली की पाणी धरून बसते, सुकली की भेगा पडून मुळं तोडते.

कामिनी एकदा रुजली की काळ्या जमिनीत निभावून नेते, पाणी साचू दिलं नाही म्हणजे झालं. हिवाळ्यात तिला आठ-दहा दिवसांनी आळं भरून पाणी पुरतं. जुनी मेंदी हिवाळ्यात विसरलात तरी चालतं.

आच्छादन मात्र तिन्हींना फायद्याचं. केळीची वाळलेली पानं, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, जे हाताशी असेल त्याचा दोन इंचांचा थर द्यावा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी, खोडाला चिकटलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं.

पान काय सांगतं

बॉक्सवुड घेतलं असेल तर डिसेंबरात आठवड्यातून एकदा पानं जवळून बघायची सवय लावा. एक पान हातात घ्या: अंगठ्याच्या नखाएवढं, लंबगोल, वरून चकचकीत गडद, खालून फिकट, टोकाला बारीकशी खाच. रंग बदलला असेल तर तो कुठे आणि कसा बदललाय हे महत्त्वाचं.

झाडाची फक्त उन्हाकडची किंवा वाऱ्याकडची बाजू तांबूस झाली असेल आणि मागची बाजू हिरवी असेल, तर ते कोरड्या वाऱ्याचं आणि उन्हाचं काम. कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवा, पाणी नियमित करा. नवी पालवी हिरवी येते.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे नेहमीचंच, कामिनीतही दिसतं. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, पाण्यातून किंवा फवारून द्यावं. यूरिया टाकून हा पिवळेपणा जात नाही.

माती ओली असूनही पूर्ण फांदी मलूल, पानं फिकट, तर मूळ कुजलंय. पाणी बंद करा, कुंडीतून काढून मुळं बघा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं, कुजलेलं तपकिरी होतं आणि चिमटीत धरलं की त्याची साल सुटून येते.

पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसले तर पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले तर ती कोळी कीड आहे. थंडी सरता सरता, कोरड्या हवेत ती वाढते. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीनदा मारला तरी बरीच कमी होते. नाही झाली तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून ऊन उतरल्यावर फवारावं.

कामिनीवर हिवाळ्यात पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पाहावी लागते. मेंदीत असं बारकाईने बघण्यासारखं थोडंच असतं.

राखेबद्दल

हिवाळा म्हणजे भरताचे दिवस. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली की राख उरते, आणि ती कुंड्यांमध्ये टाकायची सवय घरोघरी आहे. ही राख अल्कधर्मी असते. आपली माती आणि पाणी आधीच त्या बाजूला झुकलेलं, त्यात राख पडली की लोह आणखी अडकतं आणि पानं पिवळी होतात. बॉक्सवुड आणि कामिनी, दोघांनाही राख नको. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत द्या, तेही थोडं. बॉक्सवुडच्या कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत हे मिश्रण चांगलं.

छाटणीचं वेळापत्रक इथे उलटं

थंड देशांत उन्हाळा सरल्यावर बॉक्सवुड छाटू नका असं सांगतात, कारण कोवळी पालवी हिमात जळते. आपल्याकडे हिम नाही, जळतं ते उन्हाने. फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटलं तर पालवी फुटते नेमकी ऊन चढताना, आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती करपलेली असते. म्हणून खान्देशात हलकी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. येणारी पालवी हिवाळाभर सावकाश जून होते आणि उन्हाळ्याला तयार असते. डिसेंबरनंतर कात्री लावायचीच असेल तर फक्त वाळलेल्या टोकांना.

कामिनीला पावसाळ्यातला फुलांचा बहर सरला की कातरावं. मेंदीला थंडी संपताना कितीही खोल कापा, ती फुटतेच.

निकाल उन्हाळा देतो

हिवाळ्याची तुलना करताना हे लपवून चालणार नाही की खान्देशातला हिवाळा हा बॉक्सवुडचा सगळ्यात सुखाचा काळ आहे. नोव्हेंबरात घेतलेलं रोप फेब्रुवारीपर्यंत देखणं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. मग एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, सिमेंटची भिंत संध्याकाळी सातलाही धग फेकत असते, आणि पश्चिमेच्या भिंतीलगतचं बॉक्सवुड पंधरवड्यात तपकिरी होतं. कुंडीत असेल तर ते होळीनंतर उचलून पूर्वेच्या ओट्यावर किंवा कडुनिंबाच्या सावलीत नेता येतं. जमिनीत असेल तर शेडनेट बांधण्यावाचून इलाज नाही. माझा कुंडीचा आग्रह त्यासाठी आहे. घ्यायचंच तर बारीक पानांचं जपानी बॉक्सवुड मागा, युरोपी जातीपेक्षा ते उष्णता जास्त सोसतं.

शिवाय वाढ. बॉक्सवुड चांगल्या हवामानातही वर्षाला चार-सहा इंच वाढतं, आपल्याकडे त्याहून कमीच धरा. कामिनी दीड-दोन फुटांवर लावली तर दोन-तीन वर्षांत कुंपण भरून येतं, वर पांढऱ्या फुलांचा वास. वाढ सावकाश असल्यामुळे बॉक्सवुडला छाटणी कमी लागते, हा त्याचा खरा गुण, आणि कुंडीतल्या गोल आकाराला त्याच्याइतकं कुणी धरून ठेवत नाही. फाटकाशी दोन कुंड्या एवढीच हौस असेल तर मी कामिनीपेक्षा बॉक्सवुडच घेईन.

आता तो अपवाद. कामिनी लिंबाच्या कुळातली आहे आणि लिंबूवर्गीय झाडांवर येणारी सायला कीड तिच्या कोवळ्या पालवीवर आवडीने वाढते. हीच कीड ग्रीनिंग रोग पसरवते, आणि तो रोग लागलेलं झाड बरं होत नाही. तुमची किंवा शेजाऱ्याची लिंबू-मोसंबीची बाग जवळ असेल, तर घराभोवती कामिनीचं कुंपण करू नका. दारात हौसेचं एक लिंबाचं झाड असेल तरी हाच विचार करा. तिथे मेंदी बरी, हिवाळ्यात विरळ दिसली तरी.

गोठा असलेल्या घरांनी बॉक्सवुडबाबत जपावं. त्याची पानं जनावरांना विषारी असतात. छाटलेल्या फांद्या गव्हाणीच्या आसपास किंवा शेळ्या फिरतात त्या उकिरड्यावर टाकू नयेत, खड्ड्यात पुराव्यात.

रोप घेताना नावावर जाऊ नका, कारण बुटक्या कामिनीलाही बॉक्सवुड म्हणून विकलं जातं. फांदीवर साधी पानं जोडीजोडीने समोरासमोर असतील आणि टोकाला ती खाच असेल तर बॉक्सवुड. एका देठावर तीन ते नऊ छोटी पानं, आणि चुरगळल्यावर लिंबासारखा वास, तर कामिनी. पिशवीतून रोप हलकेच वर उचलून मुळंही बघून घ्या: पांढरी टोकं दिसली तर पैसे द्या, तपकिरी आणि लिबलिबीत असली तर रोप परत ठेवा.