सेलेस्ट्रॉन फर्स्टस्कोप ७६ : १५ पटीला झकास, ७५ पटीला नुसता आकडा

गॅलिलिओनं दुर्बिणीतून आकाश पाहिलं त्याला २००९ मध्ये ४०० वर्षं झाली, तेव्हा ही छोटी दुर्बीण बाजारात आली. नळीवर शास्त्रज्ञांची नावं, वजन जेमतेम दोन किलो, जोडणी जवळपास नाहीच. खोक्यातून काढायची आणि जड टेबलावर ठेवायची. प्लास्टिकच्या खुर्चीवर मात्र नको, नुसतं बोट लागलं तरी चंद्र थरथरतो.

आरसा ७६ मिमी व्यासाचा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली ७ मिमी धरली, तर हा आरसा तिच्या शंभरपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. दोष आहे तो त्याच्या आकारात. आरसा गोलीय (चेंडूच्या तुकड्यासारखा) आहे, अन्वस्तीय (पॅराबोलिक) नाही, त्यामुळे कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत जुळत नाहीत. या व्यासाच्या गोलीय आरशाला स्वच्छ चित्रासाठी साधारण ५०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं) हवं. इथं आहे ३००.

म्हणून सोबतच्या दोन आयपीसांपैकी (डोळा लावायच्या भिंगांपैकी) २० मिमीचा (१५ पट मोठं दाखवणारा) ठेवा आणि ४ मिमीचा (७५ पट) खणात टाका. ७५ पटीला सगळे दोष उघडे पडतात. शिवाय पृथ्वी फिरते आहे हे विसरू नका. आकाश चार मिनिटांना एक अंश सरकतं, त्यामुळे या पटीत ग्रह दीड-दोन मिनिटांत दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. तो पुन्हा आणायला नळी हलवावी, तर बाजूची मूठ फार आवळलेली असल्यास झटका बसतो आणि ग्रह हरवतो. मूठ सैल ठेवा, फक्त नळी स्वतःहून खाली झुकणार नाही इतपतच आवळा.

पुढचा खर्च करायचा तर १० मिमीचा प्लॉसल (चांगल्या प्रतीचा एक आयपीस) घ्या. सव्वा इंची नळीचा कुठलाही बसतो. ३० पटीत गुरूचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे स्पष्ट दिसतात. त्यातल्या आयोच्या ग्रहणांच्या वेळा पृथ्वी-गुरू अंतरानुसार पुढेमागे होतात, यावरूनच डॅनिश खगोलज्ञ रोमरनं १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं. शनीसाठी ६ मिमी (५० पट) लागेल. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेनं दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील. सुमारे २,८०,००० किमी रुंद पसारा आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर, त्यामुळे कडेनं पाहिल्यावर ती दिसेनाशी होतात यात नवल नाही.

चंद्रासाठी एक फुकटचा उपाय. जाड काळ्या पुठ्ठ्याला मधोमध ५० मिमीचं भोक पाडा आणि तो नळीच्या तोंडावर बसवा. निम्म्याहून जास्त प्रकाश जातो, पण चंद्राला तो हवाय कुणाला? कडेचे किरण अडले की विवरांच्या कडा लगेच धारदार होतात. पौर्णिमा टाळा, अष्टमीच्या आसपास सावल्या लांब असतात.

फाइंडर (नेम धरायची छोटी जोड-दुर्बीण) नाही, ही खरी अडचण. नळीच्या कडेवरून नेम धरून आधी १५ पटीतच शोधावं लागतं. कृत्तिका सहज सापडतात; तो प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी निघालेला. देवयानी दीर्घिकेचा २५ लाख वर्षं जुना प्रकाश मुंबई-पुण्याच्या उजेडात बुडतो, त्यासाठी वांगणी किंवा आणखी आतलं गाव गाठा. तिथंही फोटोतले रंग नाहीत, फिकट धुरकट डाग दिसेल. चित्र उलटं असतं, तेव्हा समोरचा डोंगर न्याहाळायला ही घेऊ नका.

आरशावर धूळ बसली तर पुसू नका. थोडी धूळ दिसतही नाही, फडक्याचे ओरखडे मात्र कायमचे. कोकणात पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. सूर्याकडे ही कधीही वळवायची नाही. आयपीसला लावायचे काळे फिल्टर उष्णतेनं तडकतात आणि डोळा क्षणात जातो. सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, प्रमाणित आणि घट्ट बसलेला असेल तरच.