दहा इंची टेबल सॉ: मोटार दणकट, गाइड रडवणारी

आमच्याकडे बरेच मिस्त्री हातातलं कटर प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवतात आणि गार्ड काढून ठेवतात. त्यावर काम केलेल्याला हे 254 मिमी पात्याचं तयार यंत्र म्हणजे चैनच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाइडबद्दल, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतात त्या पट्टीबद्दल, बरं बोलता येणार नाही.

मोटार झकास. दीड इंची सागवान कुरकुर न करता चिरते. पण खोक्यातून काढलं की लगेच चालू करू नका. प्लग काढा, पात्याच्या एका दातावर खूण करा आणि तोच दात पुढे-मागे फिरवून टेबलातल्या खाचेपासूनचं अंतर मोजा. माझ्याकडे अर्धा मिमी फरक निघाला. खालचे बोल्ट सैल करून जुळवला. गाइड मात्र आवळताना मागून सरकतेच. ती पात्याकडे झुकली की लाकूड मध्ये चिमटतं आणि उसळून थेट पोटावर येतं. मिनिटाला 3650 फेऱ्या म्हणजे दातांचा वेग ताशी जवळपास 175 किलोमीटर, गंमत नाही! म्हणून पात्यामागची रायव्हिंग नाइफ, म्हणजे चिरलेलं लाकूड पात्यावर मिटू न देणारी पट्टी, कधी काढायची नाही. इथली जाड आहे, पात्याच्या रेषेतही आहे. यंत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

सोबतचं 24 दातांचं पातं लाकूड उभं चिरायला ठीक, सनमायकाचे मात्र टवके काढतं. प्लायसाठी 60 दातांचं वेगळं घ्या. चष्मा नि पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी) हवी, हातमोजे अजिबात नकोत. भुशाचं तोंड व्हॅक्यूमच्या पाइपला बसत नाही. मी सायकलची ट्यूब गुंडाळली.

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा रायव्हिंग नाइफचा.