मायक्रोस्कोपच्या फोटोंचं पझल, जोड्यांचा खेळ की कॅलेंडर? पावसात घरी अडकलेल्यांसाठी

शाळेला सुट्टी, बाहेर धो धो, आणि फोनमध्ये मायक्रोस्कोपला कॅमेरा टेकवून काढलेले दोनेकशे फोटो नुसते पडून, अशी आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी गेल्या पावसाळ्यात गत होती. मायक्रोस्कोप म्हणजे फोल्डस्कोप हो, मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या टीमचा तो कागदी, साधारण १४० पट मोठं दाखवणारा. तीन गोष्टी करून बघितल्या, तुम्हाला एकच करायची असेल तर जोड्या करा. का ते सांगतो.

पझल आधी केलं कारण सोपं वाटलं. ए-फोर प्रिंट, खोक्याचा पुठ्ठा, कटर, झालं. पण फोटो घेतला कांद्याच्या पापुद्र्याचा, आणि त्या पेशी म्हणजे विटांची भिंत, सगळ्या सारख्याच, ३० तुकड्यांत मुलगी रडकुंडीला आली आणि खरं सांगायचं तर मीही. मग स्पायरोगायराचा, म्हणजे पाण्यातल्या एका हिरव्या शेवाळाचा घेतला, त्यात हिरव्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात, तो पटकन लागला. आणि एकदा लागला की संपलं, परत कोणी हात लावत नाही. वर पावसात फेविकॉल वाळता वाळत नाही, पुठ्ठा पापडासारखा वाकतो, रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबावा लागतो.

जोड्यांची गंमत वेगळीच. एका कार्डवर वस्तूचा साधा फोटो, दुसऱ्यावर तिचाच मायक्रोस्कोपमधला. मीठ, साखर, कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळ, डासाचा पंख, साडीचा धागा, अशा १२ जोड्या म्हणजे २४ कार्डं. जास्वंदीचे परागकण काटेरी गोळ्यांसारखे दिसतात, ते बघून आई म्हणाली, "अगं, हे तर कदंबाचं फूल!" आणि चुकीचं कार्ड उचललं, पण त्यानंतर चार डाव तीच जिंकली. मिठाचे चौकोनी खडे बघून तर कोणाला पटेचना की हे आपल्याच डब्यातलं आहे. शिवाय फोटो जरा धूसर असला तरी दोन इंचात खपून जातो. फक्त सगळी कार्डं एकाच रंगाच्या जाड कागदावर चिकटवा, नाहीतर मागून ओळखता येतात. आणि इंकजेट प्रिंट असेल तर भज्यांचे ओले-तेलकट हात लांब ठेवा, शाई पसरते.

कॅलेंडर दिसायला सगळ्यात भारी, दिवाळीला नातेवाइकांना द्यायला मस्त. पण ते एका दिवसाचं काम नाही, १२ चांगले फोटो जमवायला मला अख्खा महिना गेला. ए-फोरला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर साधारण २४८०×३५०८ पिक्सेल लागतात. मी शहाणपणा करून प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणूनच पाठवले, प्रिंटमध्ये सगळे चौकोन चौकोन. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कडेचा काळा गोल कापू नका, काळ्या पानावर तोच छान दिसतो.

फ्लिपबुकही होतं, म्हणजे पानं भराभर उलटली की चित्र हलताना दिसतं ते, पण त्याला व्हिडिओ लागतो आणि स्टेपल मारताना पानं सरकतात, मी सोडून दिलं.

मायक्रोस्कोपखाली बघायला कचराळी तलावाचं पाणी बाटलीत आणलंत तर ती बाल्कनीत विसरू नका. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी त्यात डासाच्या अळ्या वळवळत होत्या, बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण पाणी ओतायच्या आधी काढलेला एका अळीच्या डोक्याचा फोटो आता तेराव्या जोडीत आहे.