अर्धवट स्कॅन जुळवायला मेशलॅब का क्लाउडकम्पेअर

दोन्ही थ्रीडी स्कॅनवर काम करायचे फुकटचे प्रोग्राम, दोन्हीत आधी हातानं ढोबळ जुळवायचं आन मग आयसीपी (जवळजवळचे बिंदू धरून एक स्कॅन दुसऱ्यावर आपोआप बसवायची पद्धत) चालवायची, त्यामुळं ते सांगत बसत नाही. अंबाजोगाईकडच्या एका वीरगळाचे पाच स्कॅन मी आधी मेशलॅबमधी आन मग क्लाउडकम्पेअरमधी जुळवले, त्यावरून सांगायलो.

वीरगळ आपल्याकडं असतो तसाच, मारुतीच्या पाराला पाठ टेकवलेला, खालचा पट्टा मातीत गेलेला आन शेंदराचे इतके थर की घोड्याचं तोंड कुठं संपतं आन लगाम कुठं सुरू होतो ते बोट फिरवूनच कळतंय. भर उन्हात माझा स्कॅनर काही पकडत नव्हता म्हणून दिवस मावळताना बसलो, तरी भोकं राहिलीच.

मेशलॅबची एक गोष्ट लई चांगली, ते सगळे स्कॅन एकदम घेऊन चूक सगळ्यांत वाटून टाकतं. मूर्ती टेबलावर फिरवून दहा-बारा स्कॅन घेतले असतील तर शेवटचा पहिल्याला नीट भिडतो. क्लाउडकम्पेअरमधी मी दोन-दोन जुळवत जातो, तिथं शेवटी फट दिसू शकते. पण मेशलॅबमधी जुळवणीचे आधीच भरून दिलेले आकडे मिलिमीटर धरून ठेवलेले, माझे स्कॅन मीटरमधी, हे कळेपर्यंत एक संध्याकाळ गेली.

तेवढं चाललं असतं, मला जेरीस आणलं ते जोड्या टिपण्यानं, म्हणजे दगडावरची एकच जागा दोन्ही स्कॅनवर टिपण्यानं. शेंदरावर चार-पाच जोड्या टिपायच्या म्हटलं की एखादी चुकतेच, स्कॅन तिरपा बसतो आन कोणती जोडी चुकली ते मला मेशलॅबमधी कळेना, मग सगळं पुसून परत पहिल्यापासून. क्लाउडकम्पेअर प्रत्येक जोडीपुढं तिची चूक आकड्यात दाखवतं. घोड्याच्या कानावरची जोडी बाकीच्यांच्या चौपट दिसली, ती काढली आन स्कॅन जागेवर बसला.

फक्त क्लाउडकम्पेअरमधी आयसीपी चालवायच्या आधी ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन स्कॅनमधी किती भाग सारखा आहे त्याचा आकडा बघा, तो मुळात १०० टक्क्यांवर असतो, म्हणजे ज्या भागाला समोर जोडीदारच नाही तो बी जोडीदार शोधतो आन अख्खा स्कॅन ओढून नेतो. मी ६० वर आणला. आन आरएमएस (जुळवणीतली सरासरी चूक) कमी आला म्हणून लगेच सेव्ह करू नका, सपाट भागावर स्कॅन घसरला तरी आकडा छान येतो, आडवा काप घेऊन दोन्ही रेषा एकावर एक बसल्यात का ते बघा.

पारावरचे उरलेले दोन वीरगळ मी सरळ क्लाउडकम्पेअरमधीच घेतलेत. तुमचं काम टेबलावरच्या मूर्तीचं असेल तर मात्र आधी मेशलॅब उघडून बघा, तिथं कदाचित तेच बरं पडेल.