जळगावातली जैन मेस : भरीत नाही, बटाटा नाही, तरी दीड वर्ष टिकलो

रेटिंग 5 पैकी 4. मेसचं नाव टाकत नाही कारण वीस-बावीस पोरांचीच आहे आणि काकूंनी आधीच बजावलंय की गर्दी वाढवू नको.

मी रावेर साईडचा, म्हणजे भरितावर वाढलेला माणूस. जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय टॅग आहे भो, आणि मी इथं येऊन अशी मेस लावली जिथं वांगंच चालत नाही! वांग्यात बिया फार म्हणून नाही, बटाटा कांदा लसूण गाजर मुळा जमिनीखालचं म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं खाडा टाकून पळावं. पण मग बटाट्याच्या जागी कच्च्या केळीची भाजी आली, केळीचे वडे आले, आणि मी आपला बघतच राह्यलो, आमच्या घरी केळीचे एवढे घड निघतात पण कच्ची केळी वेफरशिवाय कधी कोणी खाल्ली नाही. शेवभाजी पण कांदा-लसणाशिवाय, सुकं खोबरं हिंग आणि टमाट्यावर, तर्री एकदम खान्देशी. अष्टमी-चौदसला हिरवी भाजी बंद, त्या दिवशी गट्टे किंवा पापडाची भाजी, ती मिस करू नका.

आता खरा प्रॉब्लेम टायमिंग. सूर्य मावळायच्या आधी जेवण, त्यानंतर किचन बंद म्हणजे बंद. डिसेंबरात साडेपाचला ताटावर बसायला लागतं, प्रॅक्टिकल लांबलं की गेलं, आणि रात्री दहाला भूक लागते ती वेगळीच. डबा सिस्टीम नाही, कारण रात्री खाणाऱ्याला आपण होऊन खाऊ घालणं पण त्यांच्यात दोष. एक स्टार याचाच कापला.

आणि माझा रूम पार्टनर चोपड्याचा, मुसलमान. तो पण याच मेसला, कारण स्वस्त आणि घरचं. मार्चमधे रोजे चालू होते, म्हणजे साडेसहाच्या पुढे ज्या मिनिटाला काकूंचं किचन बंद त्याच मिनिटाला याचं तोंड उघडणार. तो बिचारा काही बोलला नाही, महिन्याचा खाडा लावतो म्हणाला. मीच काकूंना सांगितलं. त्यांनी लगेच हो नाही म्हटलं, दोन दिवस घेतले, सासूबाईंना विचारलं. त्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "वो भी तो सूरज देखकेही खाता है." झालं, त्याचा डबा सव्वासहाला तयार. काकूंच्या पंचांगातला सूर्यास्त आणि याच्या मशिदीतल्या कार्डावरची इफ्तार, दोघं रोज जुळवून बघायचे, दोन-चार मिनिटांच्या फरकावरून वाद पण घालायचे. पहाटे सहरीला काय, तर खाकरे. रात्रीची पोळी सकाळी वाशी म्हणजे शिळी होते, ती त्या देतच नाहीत, खाकऱ्याला तो प्रश्न नाही.

त्याआधी पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपासाच्या दिवसांत, सासूबाईंनी अठाई केली होती, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, ते पण दिवसाच. तेव्हा हा घाबरून विचारायचा, "आठ दिवस काहीच नाही?" आणि रोज्यात काकू त्याला, "बेटा, पाणी पण नाही? ह्या उन्हात?" मधे मी, आमची एकादशी अन दुप्पट खाशी. साबुदाणा खिचडीत बटाटा असतो म्हटल्यावर सासूबाई एवढ्या हसल्या की मला त्या दिवशी उपास आहे सांगायचीच लाज वाटली. मी नववीपासून एकादशी करतोय पण का करतोय हे मला कोणी पहिल्यांदा विचारलं ते याच ताटावर, आणि मला नीट सांगता आलं नाही, आईला फोन लावला तर ती म्हणे आजी करायची म्हणून.

सगळं गोड गोड आहे असं पण नाही. ईदला त्याला शीरखुर्मा आणायचा होता पण त्यांच्या घरी मटण शिजतं, त्या भांड्यातलं काकू खाणार नाहीत हे त्याला माहीत, म्हणून तो सीलबंद खजूर घेऊन आला. काकूंनी घेतले. त्यावर कोणीच काही बोललं नाही.

बाकी महिन्याला 2700, खाडा चार दिवस आधी सांगितला तरच कट होतो, ताक अनलिमिटेड. चौकशीला जायचं तर दुपारी जा, संध्याकाळी काकू एक डोळा घड्याळावर ठेवून पोळ्या लाटत असतात, तेव्हा कोणाशीच बोलत नाहीत.